जोधपूरचे लाकूडकाम : हवेलीतून जगाच्या बाजारात

ज्या शहराच्या आसपास इमारती लाकडाचे जंगल नाही, त्या शहराने लाकडी फर्निचरच्या निर्यातीत नाव कमवावे, हे जरा नवलच. राजस्थानातील जोधपूरची ही कथा जंगलापासून नव्हे, तर पडक्या हवेल्यांपासून सुरू होते. हवेल्यांचे नक्षीदार दरवाजे, झरोके, जुन्या पेट्या परदेशी पर्यटक आणि व्यापारी हौसेने नेऊ लागले. जुना माल अर्थातच संपणारा होता. तेव्हा सुतारांनी नव्या लाकडाला जुनेपणाची कळा आणण्याचे तंत्र आत्मसात केले आणि बासनी, बोरानाडा या औद्योगिक वसाहतींत कारखाने उभे राहिले.

लाकूड येते ते बाहेरून. शीशम, बाभूळ आणि फळ धरणे थांबलेला आंबा ही मुख्य झाडे. उत्तरेकडील शीशम आणि आपल्या जुन्या वाड्यांतील शिसव ही झाडे निराळी. पण दोन्ही डालबर्जिया प्रजातीतलीच. आंब्याचे लाकूड स्वस्त, मात्र त्याला कीड लवकर लागते. म्हणून त्यावर औषधप्रक्रिया करून ते भट्टीत वाळवावे लागते. ओलावा राहिला तर युरोपातील उबदार, कोरड्या घरात टेबलाला तडा जातो आणि पुढची मागणी हातची जाते.

खरा धक्का बसला तो कायद्याने. वन्य जीव व वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या २०१६ मधील जोहान्सबर्ग परिषदेत डालबर्जियाची संपूर्ण प्रजाती नियंत्रित यादीत घालण्यात आली. रोख होता मादागास्कर, आग्नेय आशिया येथील मौल्यवान रोझवूडच्या तस्करीवर. परंतु लाकूड ओळखणे अवघड म्हणून शेताच्या बांधावर आणि कालव्याकाठी लावला जाणारा शीशमही त्यात सापडला. केंद्र सरकारच्या अंदाजानुसार शीशमच्या वस्तूंची देशाची निर्यात वर्षाला सुमारे १००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटींवर आली आणि सुमारे ५० हजार कारागिरांच्या रोजगाराला झळ पोहोचली. हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या ‘वृक्ष’ प्रमाणपत्रावर माल जाऊ लागला खरा, पण कागदपत्रांचा खर्च वाढला. शीशमला यादीतून वगळण्याचा प्रस्ताव २०१९ मध्ये जिनिव्हात फेटाळला गेला. २०२२ च्या पनामा परिषदेत १० किलोंपर्यंत लाकूड असलेल्या प्रत्येक वस्तूला, खेप कितीही मोठी असो, परवान्यातून सूट मिळाली. ट्रे, पेट्या, छोटे स्टूल सुटले. कपाटे आणि पलंग अडकलेलेच राहिले. दरम्यान अनेक कारखाने आंब्याकडे वळले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा त्या बाजारावर भिस्त ठेवणाऱ्या जोधपूरला पुन्हा फटका बसला. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या जंगलतोडविरोधी नियमाची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली असली, तरी त्याची अट कडक आहे : लाकूड नेमके कोणत्या जमिनीवरचे, हे अक्षांश-रेखांशासह दाखवायचे. चार शेतकऱ्यांची चार झाडे एकत्र करून विकणाऱ्या लाकूड व्यापाऱ्याकडे असली नोंद सहसा नसते.