छाती न उघडता बदललेली झडप

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त महारोहिणीत शिरते, त्या दाराशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. उतारवयात तिच्यावर चुना साचतो, ती ताठर होते. जिना चढताना धाप लागते, भोवळ येते. औषधाने ही झडप मोकळी होत नाही. १९६० सालापासून शस्त्रवैद्य छाती उघडून, हृदय थांबवून तेथे कृत्रिम झडप शिवू लागले. पण जे फार थकलेले, त्यांना शस्त्रक्रिया सोसणार नाही म्हणून परत पाठवीत. आम्हांस जो इतिहास सांगावयाचा आहे, तो या परत पाठविलेल्यांचा आहे.

फ्रान्समधील रूआँ येथील डॉ. आलँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये अशा एका वृद्धेच्या झडपेत फुगा नेऊन तो फुगविला. वाट रुंदावली, पण अशा झडपा बहुधा वर्षभरात पुन्हा आक्रसत. मग फुग्यावरच घडी घातलेली नवी झडप का नेऊ नये? डेन्मार्कच्या हेनिंग रूड आंदेर्सेन यांनी १९८९ मध्ये डुकरावर हा प्रयोग केला होता. त्यासाठी तार हार्डवेअरच्या दुकानातली, तर झडप खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या हृदयातली! मोठमोठ्या कारखानदारांनी क्रिबिएंची कल्पना मात्र वेडगळ ठरविली.

१६ एप्रिल २००२ रोजी रूआँ येथे सत्तावन्न वर्षांचा एक रुग्ण अखेरच्या अवस्थेत होता. शस्त्रवैद्यांनी त्याला नाकारले होते. क्रिबिएंनी मांडीतील शिरेतून नळी हृदयात नेली आणि गुरांच्या हृदयावरील वेष्टनापासून केलेली झडप जागेवर उघडली. झडप चालली. रुग्ण सतरा आठवड्यांनी इतर व्याधींनी गेला. तरीही मार्ग सापडला होता. पुढे मांडीतील रोहिणीची वाट रूढ झाली. झडप उघडतेवेळी हृदयाचे ठोके काही क्षण मिनिटाला १८० च्या वर नेतात. त्यामुळे रक्ताचा झोत मंदावतो आणि झडप निसटत नाही.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेस अपात्र ठरलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारांवरील निम्मे रुग्ण वर्षात गेले. नवी झडप बसविलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. पक्षाघात मात्र अधिक झाले, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत २०११ मध्ये अशा रुग्णांसाठी परवानगी मिळाली. २०१९ मध्ये कमी धोक्याच्या रुग्णांनाही ती लागू झाली.

आता वाद निराळा आहे. हे काम लहान शहरातल्या इस्पितळाने करावे काय? अमेरिकेच्या सरकारी विमायोजनेने २०१९ मध्ये सुधारलेली अट अशी, की नव्याने आरंभ करणाऱ्या इस्पितळात आदल्या वर्षी हृदयाच्या किमान ५० मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या असाव्यात. त्याच साली तेथील नोंदींच्या अभ्यासात, जेथे ही कामे थोडी होतात तेथे तीस दिवसांतले मृत्यू अधिक आढळले. सरावाने हात बसतो, हे सुतारालाही ठाऊक असते; म्हणून अट आम्हांस योग्य वाटते. पण तिची किंमत कोण भरतो? दूरच्या गावचा ऐंशी वर्षांचा म्हातारा. तपासण्यांसाठी तीन-चार खेपा त्याला घालाव्या लागतात, मुलाची मजुरी बुडते, आणि कित्येकदा तो जातच नाही. जो कधी पोहोचलाच नाही, तो कोणत्याच इस्पितळाच्या मृत्यूंच्या हिशेबात येत नाही.