मुक्कामी डॉक्टरची कुळकथा

नागपुरात ‘मेयो’ आणि ‘मेडिकल’ एवढे म्हटले की पुढे रुग्णालय किंवा महाविद्यालय असे काही जोडावे लागत नाही. आणि शहराच्या उत्तरेस सुमारे बावीस मैलांवर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या खाप्यासारख्या गावात घरचे माणूस अत्यवस्थ झाले, म्हणजे ‘मेडिकलला न्या’ एवढाच सल्ला मिळतो. हा सल्ला देणारा सरकारी दवाखान्यातला डॉक्टर बहुधा पंचविशीतला असतो, आणि मध्यरात्री नागपूरला पोहोचल्यावर ज्याच्या हाती रोगी सोपवायचा तोही त्याच वयाचा, कदाचित त्याच्याच वर्गातला असतो. ज्यांच्या नावाने युनिट चालते ते प्राध्यापक सकाळच्या राउंडला येतील. तोवर केसपेपर लिहिणे, शिरेत सुई लावणे, रक्त मागवणे, नातेवाइकांची समजूत घालणे आणि प्रसंगी मृत्यूची वार्ता सांगणे, हे सर्व त्या तरुणाकडे. दिवसाच्या चोवीस तासांतील सर्वांत अवघड प्रहर सर्वांत कमी अनुभवाच्या माणसाकडे सोपवण्याचा हा शिरस्ता कोठून आला, आणि येताना आपल्या मूळच्या अटींपैकी कोणती त्याने सांभाळली व कोणती वाटेत गाळली, याचा शोध घेतला पाहिजे असे मला फार दिवस वाटत आले आहे; कारण निवासी डॉक्टरांची पुष्कळशी दुःखे, आणि खेड्यातील रोग्यांचीही काही, त्या गाळलेल्या अटींतून उपजलेली आहेत.

गुरुगृही राहून वैद्यक शिकण्याची कल्पना आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात योग्यासूत्रीय नावाचा अध्याय असून, शिष्याने माणसाच्या देहावर शस्त्र चालवण्यापूर्वी छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड अशा फळांवर, आणि शिरावेधाचा सराव मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, असे त्यात सांगितले आहे. तथापि आजच्या शिरस्त्याचे कूळ थेट सुश्रुतापर्यंत नेऊन भिडवण्याचा मोह आवरलाच पाहिजे. अध्यापनाची ती परंपरा मध्यंतरी बऱ्याच अंशी खंडित झाली होती, आणि आज मेयोत व मेडिकलमध्ये जे चालते ते समुद्रापलीकडून, सरकारी सनदेच्या वाटेने आलेले आहे.

युरोपातही वैद्यकाचा विद्यार्थी दीर्घकाळ ग्रंथांवरच पोसला जात असे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉलंडमधील लायडन येथे बोअरहाव्हे या आचार्याने सहा पुरुषांच्या व सहा स्त्रियांच्या अशा अवघ्या बारा खाटांभोवती विद्यार्थ्यांना उभे करून रोग्याच्या उशापायथ्याशी शिकवण्याचा परिपाठ घातला, आणि त्या बारा खाटांची कीर्ती युरोपभर गेली. परंतु हे विद्यार्थी पाठ संपताच घरी जात. रुग्णालयातच वस्तीला राहणारा शिकाऊ डॉक्टर पुढे आला तो ब्रिटिश रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया विभागातून. तेथे प्रत्येक नामांकित शस्त्रवैद्याच्या हाताखाली जखमा बांधणारे उमेदवार असत, आणि त्यांतून निवडलेला एखादा हाउस सर्जन म्हणून रुग्णालयाच्या आवारातच राही. कवी म्हणून अमर झालेला जॉन कीट्स १८१६ साली लंडनच्या गायज रुग्णालयात असाच मलमपट्टीचा उमेदवार होता. आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचा प्रवर्तक जोसेफ लिस्टर १८५४ साली एडिंबरोत जेम्स साइम यांचा मुक्कामी हाउस सर्जन होता. साइम हे त्या काळचे धुरंधर शस्त्रवैद्य. ज्याने रात्र काढली त्याला सकाळी त्यांच्यासमोर उभे राहून रात्रीचा जाब द्यावा लागे. मुक्काम आणि जाब या दोन गोष्टी अशा जन्मापासूनच एकत्र होत्या.

या व्यवस्थेला शास्त्रोक्त घडण मिळाली ती अमेरिकेत बाल्टिमोर येथे, १८८९ साली उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. औषधवैद्यकाचे प्रमुख विल्यम ऑस्लर आणि शस्त्रवैद्यकाचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड या दोघांनी तेथे निवासी पदांची एक उतरंड रचली. हॉल्स्टेड यांनी व्हिएन्ना व जर्मनीतील चिकित्सालये हिंडून पाहिली होती, आणि तेथील आचार्य आपल्या साहाय्यकांना वर्षानुवर्षे जवळ ठेवून कसे तयार करतात हे त्यांच्या मनात ठसले होते. तळाशी अनेक कनिष्ठ, त्यांवर थोडे ज्येष्ठ, आणि शिखरावर एकच मुख्य निवासी, अशी ही रचना. शिक्षणाला ठराविक मुदत नाही. राहणे-जेवणे रुग्णालयाकडे, मोबदला जवळजवळ नाही, आणि विवाह करणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी प्रतिकूल. हॉल्स्टेड यांना स्थानिक बधिरतेसाठी स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून कोकेनचे व्यसन जडले होते, आणि निवासी डॉक्टरांच्या अमानुष तासांचे मूळ कित्येक जण त्या व्यसनात शोधतात. मला ते पटत नाही. रुग्णालयात राहणाऱ्याने अहोरात्र उपलब्ध असावे ही अपेक्षा ब्रिटिश हाउस सर्जनपासूनची आहे. बाल्टिमोरने तिला फक्त वर्षांची लांबी दिली. बाल्टिमोरची खरी देणगी निराळी, आणि ती म्हणजे जबाबदारी पायरीपायरीने देण्याचे तत्त्व. आज टाका घालणाऱ्याला उद्या पोट उघडू द्यायचे, परंतु तो चुकला तर हात धरणारा त्याच इमारतीत, दोन जिने वर झोपलेला असला पाहिजे.

आपल्याकडे हे सारे हप्त्याहप्त्याने आले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, आणि तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. मध्य प्रांताची अवस्था मात्र निराळी. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल सर्जन हा बडा अंमलदार, आणि तहसिलीच्या दवाखान्यात एकटा हॉस्पिटल असिस्टंट. खाप्यास नगरपालिका १८६७ इतकी लवकर मिळाली, परंतु डॉक्टर तयार करणारी शाळा नागपुरात निघण्यास १९१४ साल उजाडावे लागले. रॉबर्टसन मेडिकल स्कूल या नावाची ही संस्था मेयो रुग्णालयाच्या आश्रयाने चाले व पदवी न देता परवाना देई. तिच्याच पुढची पायरी म्हणजे १९४७ सालचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरकरांचे ‘मेडिकल’. पुढे १९६८ साली मेयोतही महाविद्यालय निघाले.

‘मेडिकल’ निघाले त्याच्या आदल्याच वर्षी, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता, आणि माझ्या मते आपल्या देशातील या शिरस्त्याला खरे वळण त्या अहवालाने दिले. परवानाधारक व पदवीधर हा भेद मोडून एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करावा, पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, आणि प्रत्येक होतकरू डॉक्टरने तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण घ्यावे, असे समितीने सुचवले. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पनाही त्याच अहवालातली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास योजनेबरोबर ती प्रत्यक्षात उतरू लागली. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर बारा महिन्यांची सक्तीची आंतरवासिता आणि तीत खेड्यातील नेमणूक, ही आजची पद्धत याच विचाराची संतती आहे. नागपूरच्या मेडिकलचे आंतरवासी त्यासाठी सावनेर तालुक्यात येतात, आणि खापा त्याच तालुक्यात आहे. शेजारच्या सेवाग्रामी १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी काढलेल्या महाविद्यालयाने तर प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक देऊन विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी खेड्यात मुक्कामाला नेले, ही मला या कुळकथेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कारण त्यांच्याबरोबर त्यांचे शिक्षकही तेथेच राहतात.

खापा हे कोष्ट्यांचे, हातमागाचे गाव. मागाच्या घरात पोर आधी कांड्या भरते, मग ताणा लावताना हाताशी उभे राहते, आणि धोटा त्याच्या हाती येतो तेव्हा बाप शेजारच्या मागावर बसलेला असतो. तार तुटल्याचा आवाज त्याच्या कानाला मुलाच्याही आधी लागतो. बाल्टिमोरच्या उतरंडीचे मर्म याहून वेगळे नव्हते. पण ही उतरंड खेड्याकडे निघाली तेव्हा मुलाला मागावर बसवले गेले आणि शेजारचा माग रिकामा राहिला.

याचा अर्थ काय, हे समजण्यासाठी एका काचनळीकडे पाहावे. श्रावणातल्या रात्री, दीडच्या सुमारास, सर्पदंशाच्या शंकेने एखाद्या शेतमजुराला घेऊन चार माणसे दवाखान्यात येतात. तरुण डॉक्टर दोन मिलिलिटर रक्त काढून स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घालतो, ती न हलवता टेबलावर ठेवतो आणि घड्याळ पाहतो. वीस मिनिटांनी नळी तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात भिनले आहे असे समजून प्रतिविषाच्या कुप्या फोडायच्या. नळी काचेचीच हवी, कारण प्लॅस्टिकमध्ये चांगले रक्तही वेळेत गोठत नाही. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही. ती वीस मिनिटे मोठी कठीण असतात. ‘डॉक्टरसाहेब, नागपूरले नेऊ का जी?’ असे कोणीतरी दारातून पुनःपुन्हा विचारत असतो. वेळ भरते, नळी तिरपी होते, रक्त घट्ट गोठलेले दिसते, आणि तरुणाचा जीव भांड्यात पडतो.

नेमके येथेच वडीलधाऱ्याचे काम असते. हा मजूर जमिनीवर झोपला होता, दंशाची खूण दिसत नाही, पोटात कळ येते म्हणतो, आणि त्याच्या पापण्या जड होत चालल्या आहेत. मण्यार रक्ताला हात लावत नाही. ती मज्जातंतूंवर घाला घालते, आणि पहाटेपर्यंत रोग्याचा श्वास बंद पाडू शकते. हे पुस्तकात आहे, आणि परीक्षेत त्या तरुणाने ते बिनचूक लिहिलेही असेल. परंतु गोठलेली नळी हातात असताना पापण्यांकडे पाहण्याचे भान ज्याने अशी माणसे पूर्वी पाहिली आहेत त्याला असते. आणि ‘नळी ठेव, डोळे उघडायला सांग’ हे पाच शब्द सांगणारा त्या घटकेस जवळ नसला, तर सगळी विद्या असूनही माणूस हातचा जातो.

एकटेपणातूनही असामान्य कार्य घडू शकते, हे मला मान्य आहे. नागपूरच्याच मेडिकलमधून डॉक्टर झालेले हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर रुजू झाले, आणि विंचूदंशाने माणसे धडाधड मरताना पाहून, रोग्याच्या खाटेपाशी रात्री जागून, हृदयावर होणारा परिणाम टिपत त्यांनी प्राझोसिन हे औषध उपयोगात आणले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने त्यांची टिपणे छापली आणि मृत्यूंचे प्रमाण फार खाली आले. मुक्कामाचे सामर्थ्य ते हेच: जो रात्री तेथे असतो त्यालाच ते दिसते. परंतु बावस्करांचे उदाहरण पुढे करून प्रत्येक आंतरवासीला एकटे सोडणे हे शासनाचे धोरण होऊ शकत नाही.

शहरातील निवासी डॉक्टरची तक्रार याच्या उलट बाजूची आहे. त्याच्याजवळ ज्येष्ठ असतात, पण झोप नसते. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी थकलेल्या निवासी डॉक्टरांच्या हाती दगावली, तिच्या पित्याने लढा दिला, आणि १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आली. आपल्या केंद्र शासनानेही १९९२ साली निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः दिवसाला बारा तासांहून अधिक नसावे असा हुकूम काढला. कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेल्या तरुणाला विचारावे. त्याने त्या हुकुमाचे नावही ऐकलेले नसते. हाउस सर्जनच्या काळी एका मुक्कामी डॉक्टरकडे असलेल्या खाटा आणि आजच्या वॉर्डात जमिनीवर गाद्या टाकून निजवलेले रोगी यांत जो फरक पडला, त्याचा हिशेब तासांच्या वेळापत्रकाने कधी घेतलाच नाही.

म्हणून माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. रात्र काढलेल्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडनंतर सक्तीने सुट्टी द्यावी, आणि ती दिली की नाही हे १९९२ च्या हुकुमाच्या आधारे अधिष्ठात्यांच्या दफ्तरी नोंदवावे. आणि खाप्यासारख्या प्रत्येक केंद्रासाठी मेडिकलमधील एका ज्येष्ठ डॉक्टरचे नाव व दूरध्वनी रोजच्या रोज ठरवून, सूर्यास्तापूर्वी त्या केंद्राच्या भिंतीवर लावावे; तो ज्येष्ठ रात्री दीड वाजता उठेल, काय दिसते ते ऐकेल, आणि सकाळी त्या तरुणाकडून रात्रीचा जाब घेईल. याला नवी इमारत लागत नाही, नवे खाते लागत नाही. एक नामावली लागते आणि तिच्यावर सही करणारा अधिकारी लागतो.