रात्रीच्या तिकिटाचा इतिहास : वेळेबाहेरच्या खेळाला जादा पैसे मोजावेत काय?

१/ आजचा धागा एका साध्या प्रश्नावर आहे. जगातील मोठमोठ्या करमणूक उद्यानांत दिवसाचे तिकीट वेगळे आणि रात्रीच्या खास सोहळ्याचे तिकीट वेगळे, अशी रीत आता रुळली आहे. उद्यान तेच, पाळणे तेच. परंतु दिवे निराळे, गर्दी कमी आणि दर चढा. हा जादा खर्च सार्थकी लागतो काय? या प्रश्नाचे वय जवळपास तीनशे वर्षे आहे आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग आपल्या जत्रांच्या तंबूंत दडलेला आहे.

२/ हिशेब केदारखेड्यापासून मांडू. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हे गाव. महाराष्ट्रातील नामांकित उद्याने म्हणजे १९८९ साली सुरू झालेले, पण आता बंद असलेले गोराईचे एस्सेलवर्ल्ड आणि २०१३ साली उघडलेले खोपोलीजवळचे इमॅजिका. दोन्ही मुंबईच्या बाजूला, येथून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर. म्हणजे येथल्या तरुणाला तिकिटाआधी प्रवास आणि मुक्काम यांचे पैसे मोजावे लागतात. त्याच्या आजोबांना मात्र ते मोजावे लागत नव्हते. त्यांच्या काळी करमणूकच मालमोटारीत बसून पंचक्रोशीतल्या जत्रेला येत असे. हा फरक ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

३/ प्रथम लंडन. थेम्स नदीकाठच्या व्हॉक्सहॉल बागेचा कारभार जोनाथन टायर्स याने १७२९ मध्ये हाती घेतला. ७ जून १७३२ रोजी त्याने तेथे एक खास रात्र योजिली. तिकीट होते एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. युवराज फ्रेडरिक स्वतः आला. सुमारे चारशे पाहुणे जमले. पुढे याच बागेचे रोजचे प्रवेशमूल्य एक शिलिंग ठरले आणि ते अनेक दशके टिकले. म्हणजे खास रात्रीची किंमत पुढल्या साध्या रात्रीच्या एकवीसपट! त्या गिनीने नेमके काय विकत मिळाले? बाग तीच होती. विकत मिळाला तो युवराजाचा शेजार आणि इतरांचा अभाव.

४/ परंतु याच बागेच्या साध्या शिलिंगाला रात्रीचे खरे मोल मिळत असे. अंधार पडताच, एका इशाऱ्यासरशी, झाडांवरचे हजारो तेलदिवे जवळजवळ एकाच वेळी उजळत. ज्या काळात शहराचे रस्तेही काळोखात बुडालेले असत, त्या काळात हा देखावा दिवसा मिळणे अशक्यच होते. मात्र आतील खाद्यपदार्थ महाग. तेथल्या मांसाचे काप इतके पातळ असत, की त्यांतून वर्तमानपत्र वाचता येईल, अशी थट्टा लंडनभर चाले. तिकिटापेक्षा आतला खर्च भारी पडतो, ही तक्रारही तेव्हापासूनची!

५/ २१ एप्रिल १७४९. संगीतकार हँडेल याने शाही आतषबाजीसाठी रचलेल्या संगीताची रंगीत तालीम याच बागेत झाली. दर अडीच शिलिंग. बारा हजारांवर माणसे लोटली, असे समकालीन वृत्त सांगते. लंडन पुलावर गाड्यांची कोंडी तीन तास सुटेना. सहा दिवसांनी ग्रीन पार्कमध्ये प्रत्यक्ष सोहळा झाला. तो बाहेरच्या गर्दीला फुकट पाहता आला आणि त्यात मंडपाच्या एका भागाने पेट घेतला. जादा पैसे देणाऱ्यांना संगीत लाभले. फुकट्यांना अविस्मरणीय दृश्य! दर चढवला म्हणजे गर्दी टळतेच, असे नाही.

६/ आता आपल्याकडे येऊ. १८४३ हे साल लक्षात ठेवावे. त्या वर्षी १५ ऑगस्टला कोपनहेगनमध्ये तिवोली हे उद्यान उघडले. ते आजही चालू आहे. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. तिवोलीत तिकीट होते, सांगलीत नव्हते. कारण सांगलीचा खर्च चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन या संस्थानिकाने उचलला होता. प्रेक्षक हा राजाचा पाहुणा होता. पाहुण्याने ‘पैसे वसूल झाले काय’ असे विचारायचे नसते.

७/ १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि राजाश्रय आटला. भावे मंडळी घेऊन गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी प्रेक्षक येथे प्रथमच गिऱ्हाईक झाला. हा बदल लहान नव्हे. पैसे मोजणाऱ्याला नाक मुरडण्याचा अधिकार मिळाला आणि नटाला एका धन्याच्या मर्जीतून सुटका मिळाली. रात्रभर चालणाऱ्या नाटकाचे तिकीट म्हणजे दोघांच्याही स्वातंत्र्याची पावती होती.

८/ एकाच रात्रीसाठी चढा दर, याचे मराठी रंगभूमीवरील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ८ जुलै १९२१ चे ‘संयुक्त मानापमान’. खाडिलकरांचे हे नाटक १९११ पासून रंगभूमीवर होते. कथा, पदे सर्वांना पाठ. तरी त्या रात्री नेहमीपेक्षा कितीतरी अधिक दराने तिकिटे खपली. कारण धैर्यधर होते ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि भामिनी होते बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. ज्यांनी ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हटले, त्यांची ती वेळ आलीच नाही.

९/ मात्र खेड्यातल्या माणसाची रात्र नाट्यगृहात नव्हे, जत्रेत उजाडत असे. दिवसा देवदर्शन आणि बाजार; रात्री पाळणे, फिरता सिनेमा आणि तमाशाचा फड. फिरत्या सिनेमाचे यंत्र मालमोटारीवर बसवलेले असे, पडदा तंबूत ताणलेला असे आणि खेळ पहाटेपर्यंत एकामागून एक चालत. दूरच्या वाडीहून आलेल्यांना परतायला रात्री वाहन नसे. त्यांच्यासाठी ते तिकीट करमणुकीचेही होते आणि निवाऱ्याचेही. या तंबूंच्या अखेरच्या काळावरील माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

१०/ तमाशाच्या फडाचे अर्थकारण दोन प्रकारचे. एक, कनात लावून तिकिटावर खेळ. दुसरा, गावाने ठरावीक रकमेची सुपारी द्यायची आणि सर्वांनी फुकट पाहायचे. जुन्नर तालुक्यातील नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात; गावोगावचे पुढारी तेथे येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. सुपारीत फडमालकाला रक्कम निश्चित मिळते. परंतु खेळ रंगला तरी ती वाढत नाही. तिकिटात धोका असतो, पण रंगलेल्या रात्रीचे फळ फडाच्या पदरी पडते.

११/ आणि येथे रात्रीलाच कुंपण पडले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी झाली. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सूट राज्य सरकार देऊ शकते. आजारी माणसाची, परीक्षेच्या मुलांची झोप वाचली. हा लाभ खराच. परंतु ज्या कलेचे वगनाट्यच मध्यरात्रीनंतर रंगात येई, तिची विक्रीची वेळ हातची गेली. बंद, दूरवरच्या उद्यानाला ही अडचण फारशी जाणवत नाही. कापडी तंबूला ती मुळावर येते.

१२/ पैसा कोठे जातो, हेही पाहावे. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) या तमाशासम्राज्ञी. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तंबूबाहेर माणसे मावत नसत, तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. हंगामाआधी कलावंतांना द्यावी लागणारी उचल, त्यासाठीचे कर्ज, पावसाने बुडालेले खेळ, या सर्वांनंतर हाती उरणारे थोडेच. रात्रीचे तिकीट कलावंताला जगवते, हे विधान खरे ठरण्यासाठी ते पैसे कलावंतापर्यंत पोहोचावे लागतात.

१३/ आधुनिक उद्यानांनी या जुन्या व्यवहारात एक नवी भर घातली. फ्लोरिडातील डिस्नेच्या मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनची खास रात्र १९९५ मध्ये सुरू झाली. आता ऑगस्टपासूनच अशा अनेक रात्री असतात. त्या दिवशी साध्या तिकिटाच्या पाहुण्यांना संध्याकाळी सहाच्या सुमारास निरोप दिला जातो. म्हणजे दिवसाच्या तिकिटातून संध्याकाळ कापून घ्यायची आणि तीच वेगळ्या दराने विकायची! जत्रेत रात्र पडली म्हणून कोणी कोणाला वेशीबाहेर काढले नव्हते.

१४/ आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध रात्रीचे तिकीट ताजमहालाचे. १९८४ मध्ये सुरक्षेसाठी बंद झालेले रात्रदर्शन सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २००४ मध्ये पुन्हा सुरू झाले. पौर्णिमा आणि तिच्या मागेपुढे दोन-दोन रात्री. शुक्रवार आणि रमजान वगळून. पन्नास-पन्नास जणांच्या आठ तुकड्या, प्रत्येकीला अर्धा तास. दिवसा परिसरासाठी ५० रुपये मोजणाऱ्या भारतीयाला रात्री ५१० रुपये ठरले. आणि पाहायचे ते दूरच्या चौथऱ्यावरून! तरीही हा व्यवहार प्रामाणिक आहे. चांदणे दिवसा मिळत नाही आणि चारशेची मर्यादा खरोखर पाळली जाते.

१५/ तर निवाडा काय? जे केवळ रात्रीच आणि केवळ तेव्हाच मिळते, म्हणजे व्हॉक्सहॉलचे दिवे, ताजवरचे चांदणे, दोन मंडळ्यांचे एकत्र ‘मानापमान’, त्याला जादा पैसे देणे योग्य. जे दिवसाचेच सामान कमी गर्दीत मिळते, त्याचे पैसे गिनीवाल्या पाहुण्यांप्रमाणे आपण ऐटीसाठी मोजतो. आणि केदारखेड्याहून जाणाऱ्याने आणखी एक वजाबाकी करावी : प्रवास, मुक्काम आणि आतले खाणे धरून ती रात्र केवढ्याला पडली? माझ्या मते, जन्मात एकदा घडणारी गोष्ट असेल तर जावे. केवळ रांग चुकवायची असेल तर जाऊ नये. त्याआधी जवळच्या जत्रेत कनात लागली असेल, तर पहिले तिकीट तिचे काढावे. तेथे प्रवासखर्च शून्य आहे आणि फडाला त्या तिकिटाची गरज अधिक आहे.

१६/ शेवटी एक काम तुमच्यासाठी. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : जत्रेतल्या तंबूचे तिकीट किती होते, पैसे कोठून आणले आणि त्या रात्री काय पाहिले? उत्तर लिहून ठेवा; गावाचे नाव आणि अंदाजे साल टाका. राजांच्या सोहळ्यांचे हिशेब दप्तरांत सापडतात. खेड्यातल्या रात्रीचा हिशेब माणसांच्या आठवणीतच आहे आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.