पांढऱ्या फडक्यावरचा निळा डाग

गेल्या रविवारी मामांनी नुकतीच विकत घेतलेली जुनी प्रीमियर पद्मिनी आम्ही अंगणात धुवायला काढली. आधीच्या मालकाच्या दारी ती बरीच वर्षे झाडाखाली उभी होती. धूळ गेली, झाडाच्या चिकाचे डाग गेले. मग पॉलिश लावून पांढरे फडके फिरवले, तर फडके निळे! मामा घाबरून म्हणाले, "अरे थांब, रंगच निघतोय!" रंग खरोखरच निघत होता, पण त्यात आमची चूक नव्हती. त्या डागामागे एक मोठा इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

आरंभीच्या मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच रंगवल्या जात. तेलयुक्त रंग व व्हार्निश यांचे थरावर थर ब्रशने द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. या कामाला कित्येक आठवडे लागत. एवढे करूनही व्हार्निश फार नाजूक असे. चिखल अंगावर वाळला की डाग कायमचा. तबेल्यातील अमोनियाच्या वाफेनेही ते खराब होई. म्हणून श्रीमंतांच्या घरी बग्गीखाना तबेल्यापासून वेगळा ठेवीत. गाडी धुणे हे तेव्हा जाणत्या नोकराचे काम होते.

कलाटणी मिळाली ती दारूगोळ्यामुळे. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. हाच धूरविरहित दारूचा मुख्य घटक. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीने मित्रराष्ट्रांना ही दारू प्रचंड प्रमाणात पुरवली. युद्ध संपले, मागणी आटली. कारखाने आणि त्यांतले ज्ञान मात्र शिल्लक राहिले. त्यातूनच 'ड्यूको' हा फवारून द्यायचा लॅकर रंग जन्मला. जनरल मोटर्समध्ये ड्यूपाँचा मोठा हिस्सा होता, त्यामुळे पहिले गिऱ्हाईक घरातच होते. १९२४ सालच्या ओकलंड मोटारी या रंगात आल्या, त्याही निळ्या. आठवड्यांचे काम तासांवर आले. त्या वेळी फोर्डची मॉडेल टी केवळ काळ्या रंगात मिळत होती (१९१४ ते १९२५), हे ध्यानात घेतले म्हणजे या निळ्याचा बाजारावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना येते.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडचे सुतार आजही कपाटांना 'ड्यूको' करतात. युद्धाच्या दारूशी नाते असलेले हे नाव असे स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले आहे.

आता आमच्या फडक्याकडे. जुन्या लॅकर किंवा इनॅमल रंगाला वरून संरक्षक थर नसे. रंग आणि चकाकी एकाच थरात. उन्हाने त्याचा पृष्ठभाग निस्तेज होतो, खडूसारखी भुकटी धरतो. ती मृत भुकटी घासून काढली की खालचा ताजा रंग दिसतो. म्हणजे अशा गाडीला चकाकी आणणे म्हणजे तिचा थोडा रंग काढणेच होय. त्यावर मेण लावून तो झाकायचा. उत्तम मेण कार्नोबाचे, ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे. ते ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. 'सायमनाइझ' या अमेरिकी मेणाचा बोलबाला एवढा झाला की इंग्रजीत ते क्रियापदच होऊन बसले.

रंगावर पारदर्शक 'क्लिअर कोट' देण्याची पद्धत १९७० आणि १९८० च्या दशकांत जगभर रुळली. आज बहुतेक गाड्यांवर तोच असतो. म्हणून जुनी गाडी घेतलीत तर आधी परीक्षा करा: नजरेआडच्या जागी, पांढऱ्या फडक्याने, थोडेसे पॉलिश लावून. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर थर एकच आहे. हात हलका ठेवा, मशिन लावू नका, आणि बॉनेटच्या कडा व उंचवटे तर सोडूनच द्या, कारण तिथे रंग सर्वांत पातळ असतो. धुताना गाडी सावलीत असावी, सुरुवात टपापासून, आणि फडके पिळायची बादली वेगळी. सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीतल्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, ते पाहून मला आता अंगावर काटा येतो. पहिल्या गाडीची धूळ दहावीवर ओरखडे काढते.

पद्मिनीचे घराणे कुर्ल्याचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ ची; फियाट ११०० हीच पुढे पद्मिनी झाली. गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे, त्यामुळे मिळालेली गाडी माणसे दशकानुदशके जपत. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अशा वेळी शाबूत मूळ रंगाची एखादी गाडी इतिहासाच्या विद्यार्थ्याला दप्तराहून कमी वाटत नाही.

मामांच्या गाडीच्या दारांच्या रबरांवर फवाऱ्याचे शिंतोडे नाहीत, म्हणजे तिचा रंग बहुधा पहिलाच. गॅरेजवाला मात्र म्हणाला, सगळा खरवडून नवा करून देतो, कोरी दिसेल. त्याचेही चूक नाही. चाकांवरच्या पत्र्याला गंज लागला आहे आणि गंज कुणासाठी थांबत नाही. आमचा दोन दिवस वाद चालला. अखेरीस गंजलेला भाग रंगवायचा, बाकीचा केवळ स्वच्छ करून मेण लावायचे, असे ठरले.

डिकी उघडली तेव्हा झाकणाच्या आत, जिथे ऊन कधी पोहोचले नाही, तिथे निळा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गडद निघाला. मी पॉलिशची डबी उचलली. मामा म्हणाले, "तिथे नको. तो तसाच राहू दे."