भाड्याची लेखणी

सासूबाईंची रांगोळीची वही माझ्याकडे आली तेव्हा तिची पानं पिवळी पडली होती. प्रत्येक पानाच्या डोक्यावर निळ्या शाईत त्यांची नोंद. '१५ ठिपके, १५ ओळी' किंवा '१३ ते ७, मधले ठिपके'. शेवटच्या पानावर एक कमळ आहे. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात इ. स. १२०४ च्या सुमाराची कमल बस्ती आहे, तिच्या छतातलं दगडी कमळ त्यांनी मान वर करून, नुसत्या नजरेनं उतरवून घेतलेलं.

इथला पाऊस कपाटातल्या वस्तूंनाही सोडत नाही. वहीला ओल लागायला लागली, तशी पुतणी म्हणाली, "काकी, फोटो काढून ठेवा की." काढले. पुढं मंडळाच्या कार्यक्रमाला तेच कमळ मोठ्या फलकावर छापायचं ठरलं आणि मोबाईल घेऊन मी छापखान्यात गेले. पडद्यावर फोटो मोठा केल्याबरोबर पाकळ्यांचे नुसते चौकोन झाले. छापखानेवाला म्हणाला, "वहिनी, हे व्हेक्टरमध्ये करून आणा."

व्हेक्टर म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं. फोटो म्हणजे रंगाच्या दाण्यांची रास. ताणली की विरते. व्हेक्टरमध्ये संगणक चित्र ठेवतच नाही, तो फक्त नोंद ठेवतो. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत, अमुक इतकं वळण घेऊन जा. म्हणून तेच चित्र पत्रिकेच्या कोपऱ्यातही बसतं आणि अंगणभरही काढता येतं. मला हसू आलं. सासूबाईंच्या वहीत दुसरं काय होतं?

बावन्नाव्या वर्षी मी ते शिकायला बसले. दोन ठिपके द्यायचे आणि ठिपक्याला फुटलेल्या दांड्या ओढून रेषा वाकवायची. पहिल्या आठवड्यात माझं कमळ कोबीच्या गड्ड्यासारखं दिसत होतं. हात बसेना, तेव्हा ही वळणं काढली कुणी, म्हणून वाचायला घेतलं. बी. ए.ला इतिहास होता, ती खोड जात नाही.

ही वळणं आली मोटारींच्या कारखान्यातून. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये मोटारीच्या अंगाची वळणं गणितात बसवली, पण कंपनीनं ते गुपित ठेवलं. रेनो कंपनीतल्या पिअर बेझिए यांनी साठच्या दशकात स्वतंत्रपणे तेच साधलं आणि जगापुढं मांडलं. म्हणून आज वळणाला नाव आहे बेझिएंचं. झाकून ठेवलेली विद्या अशी दुसऱ्याच्या नावावर जाते.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. १९८२ मध्ये जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी अडोबी ही कंपनी काढली. वॉरनॉक यांच्या घरामागच्या ओढ्याचं नाव कंपनीला दिलं. तिचं पहिलं बोधचिन्ह काढलं त्यांच्या पत्नी मार्व्हा यांनी. त्या व्यवसायानं चित्रकार होत्या. अशा कामात एकेक रेघ शाईनं ओढायची, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बायकोचं हे काम वॉरनॉक रोज बघत होते. १९८७ मध्ये आलेल्या इलस्ट्रेटर या प्रणालीमागं हेही एक कारण होतं. सोबत एक व्हिडिओ कॅसेट मिळायची, तिच्यात वॉरनॉक स्वतः शिकवताना दिसायचे. १९८९ मध्ये कॅनडातून कोरलड्रॉ आली. आपल्याकडच्या लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या बहुतेक तिच्यातच घडल्या.

तेव्हा पद्धत साधी होती. पैसे मोजा, खोकं घरी न्या, चालेल तितकी वर्षं वापरा. २०१३ च्या मे महिन्यात अडोबीनं जाहीर केलं की यापुढं नवी आवृत्ती विकत मिळणार नाही, वर्गणी भरून वापरायची. हजारो लोकांनी सह्या करून विरोध केला, पण कंपनी मागं फिरली नाही. मग बाकीच्याही बऱ्याच कंपन्या त्या वाटेनं गेल्या.

मीही एका कंपनीची वर्गणी भरत होते. भिशीच्या हप्त्यासारखे महिन्याला पैसे जायचे. फरक एवढाच, की भिशी कधीतरी आपल्याला लागते. मधे घरात आजारपण निघालं आणि दोन महिने हप्ता राहिला. पुन्हा बसले तर वहीतल्या चाळीस रांगोळ्या उघडेनात. फाईली माझ्याच संगणकात, रेषा सासूबाईंच्या, आणि किल्ली तिसऱ्याकडं. त्या दिवशी मी खरंच रडले.

मग वाटलं, एकदाच विकत घ्यावं. पण इतिहास तिथंही सावध करतो. फ्रीहँड नावाची प्रणाली १९८८ पासून लोकांनी रोख पैसे देऊन घेतली. २००५ मध्ये ती अडोबीच्या हातात गेली आणि २००७ मध्ये तिचं काम थांबलं. नवे संगणक आले आणि विकत घेतलेली वस्तू निकामी झाली. इंग्लंडमधली अफिनिटी डिझायनर २०१४ पासून एकरकमी मिळायची, पण २०२४ मध्ये तिची कंपनी कॅनव्हानं घेतली आणि पुढच्या वर्षी ती फुकट केली. घरमालक बदलला की नियम बदलतात, मग आपण भाडेकरू असू नाहीतर खरेदीदार.

मैत्रिणींनो, रोज याच कामावर पोट असेल तर वर्गणी परवडते, नवं ते मिळत राहतं. दोन महिन्यांचंच काम असेल तरी भाडं बरं. वर्षातून चार वेळा पत्रिका करणारीनं मात्र एकरकमी घ्यावं, नाहीतर इंकस्केप वापरावी. ती २००३ पासून आहे, कुणा एकाच्या मालकीची नाही, आणि पैसेही पडत नाहीत. मी तीच धरली आहे. पण काहीही घेतलंत तरी चित्राची एक प्रत एसव्हीजी या रूपात ठेवा. २००१ मध्ये ठरलेली ती खुली लिपी आहे. कुठल्याही कंपनीची प्रणाली ती वाचू शकते.

एक महिन्याची वर्गणी भरून मी सगळ्या रांगोळ्या त्या रूपात उतरवून घेतल्या आणि मग वर्गणी बंद केली. एक प्रत पुतणीकडं दिली आहे. वही धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवलीय. ती उघडायला अजून कुणाची परवानगी लागत नाही.