चौकट ठेवा, आतलं पुसा

१९९३ चा पावसाळा. वर्तकनगरच्या नाक्यावर तुम्ही टीएमटीतून उतरता, रेमंडची पाळी सुटून निघालेल्या सायकलींमधून वाट काढता आणि म्हाडाच्या इमारतींसमोरच्या गाळ्यांवरचा कॉम्प्युटर क्लास गाठता. चपला दाराबाहेर, छत्री बादलीत. आत एसीचा गारठा आणि फ्लॉपी ड्राइव्हची खरखर. दोघांत एक मशीन. आज कीबोर्ड तुमच्याकडे.

टर्बो सी सुरू करा. मेडिकलवाल्याच्या बिलाचा स्क्रीन करायचाय. दुहेरी रेघेची चौकट कालच काढून झालीय: आडव्या रेघेचा कोड २०५, उभीचा १८६. कॉलम १० ते ७०, ओळी ५ ते १९. कंट्रोल-एफ९ दाबता. गिऱ्हाईकाचं नाव टाकता, औषध टाकता आणि नगाच्या जागी मुद्दाम उणे पाच. खाली उमटतं ‘इनव्हॅलिड क्वांटिटी’. नग सुधारता, प्रोग्रॅम त्याच जागी ‘ओके’ छापतो आणि पडद्यावर दिसतं ‘ओकेव्हॅलिड क्वांटिटी’. वर दोन अक्षरं चढली, बाकीची जागची हललीच नाहीत.

शेजारचा फिस्सकन हसतो. तुम्ही घाईने मध्ये क्लिअरस्क्रीन घालता; नाव, औषध, चौकट, सगळंच साफ. ते खोडता. कर्सर मेसेजच्या जागी नेऊन क्लिअर-ईओएल वापरता. मेसेज जातो खरा, पण त्या ओळीतली चौकटीची उजवी रेघही जाते. त्या फंक्शनला ओळ कळते, चौकट कळत नाही. ते थेट ऐंशीव्या कॉलमपर्यंत पुसत सुटतं.

“भिंतीला भोक पाडलंस की रे!” मागे सर उभे. “आधी विंडो टाक, मग पूस.”

ते फळ्यावर लिहितात: ८० गुणिले २५, म्हणजे २,००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा, एक रंगाचा. पुसणं म्हणजे या घरांत स्पेस लिहिणं, तीही त्या क्षणी चालू असलेल्या रंगाची. म्हणून निळी पार्श्वभूमी हवी असेल तर आधी रंग, मग क्लिअरस्क्रीन. उलट केलंत तर पडदा काळाच राहतो.

तुम्ही टाइप करता: विंडो(११, ६, ६९, १८). आता तुमच्यापुरता पडदा ५९ कॉलम आणि १३ ओळींचा. क्लिअरस्क्रीन म्हणता, तर ७६७ घरं रिकामी होतात, चौकटीला धक्का लागत नाही. क्लिअर-ईओएलही आता रेघेच्या अलीकडेच थांबतं. मात्र विंडोत (१, १) म्हणजे आतला कोपरा, हे विसरलात तर पुढचं सगळं भलतीकडे छापलं जाईल. काम झालं की विंडो(१, १, ८०, २५) करून पूर्ण पडदा परत घ्यायचा.

आता आणखी पंधरा वर्षं मागे चला. १९७८, समोर डेक कंपनीचा नवा व्हीटी१०० टर्मिनल, २४ ओळी आणि ८० कॉलम. मुख्य कॉम्प्युटर दूर, मध्ये १२०० बॉडची लाइन. सेकंदाला १२० अक्षरं येतात, म्हणजे भरलेला पडदा पुन्हा काढायला १६ सेकंद. तुम्ही ताटकळत बसता. म्हणून इथे तुकडा पुसण्याची आज्ञा तीनच अक्षरांची: एस्केप, चौकटी कंस, कॅपिटल के. कर्सरपासून ओळीच्या शेवटापर्यंत साफ, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

आजच्या वर्तकनगरात परत या. लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि टर्बो सीची विंडो इथल्या जीसीसीला ठाऊक नाही. ती तीन अक्षरं मात्र चालतात, आणि चौकटीची उजवी रेघ आजही खातात. त्यावर उपाय आहे: एस्केप, चौकटी कंस, ५९, कॅपिटल एक्स. कर्सरपासून मोजून ५९ घरं पुसली जातात, साठावं नाही. सहाव्या ओळीपासून अठराव्यापर्यंत दर वेळी अकराव्या कॉलमवर जाऊन हेच करा. किती पुसायचं हे टर्मिनल तुम्हाला सांगणार नाही; तो आकडा तुम्हीच काढून द्यायचा.