घरी सरावाला परवडणारा पियानो: एका जुन्या खटपटीचा इतिहास

ऑनलाइन दुकानात स्वस्तातला डिजिटल पियानो शोधू लागले की तेच ते शब्द पुन्हापुन्हा समोर येतात: ८८ पट्ट्या, हॅमर ॲक्शन, टच सेन्सिटिव्ह, हेडफोनची सोय, मासिक हप्ता, न आवडल्यास परत. हे सारे एकविसाव्या शतकातले वाटते. प्रत्यक्षात यांतल्या बहुतेक कल्पना फार जुन्या आहेत. घरी सराव करता यावा म्हणून वाद्य लहान, हळू आवाजाचे आणि स्वस्त करण्याची खटपट पियानोहूनही जुनी आहे. तिच्या प्रत्येक टप्प्यावर एकच शंका उभी राहिली: वाद्य स्वस्त करताना बोटांनी जे शिकायचे तेच गमावले जात नाही ना? आजचा थ्रेड या शंकेचा.

प्रारंभ चर्चमधल्या ऑर्गनपासून करू. अठराव्या शतकातल्या जर्मन प्रदेशात ऑर्गन शिकणाऱ्यापुढे मोठी अडचण असे. वाद्य चर्चमध्ये, आणि ते वाजायचे तर भाते चालवायला दुसरा माणूस हवा. हिवाळ्यात दगडी इमारतीत बोटे गारठत ते निराळेच. म्हणून घरी क्लॅव्हिकॉर्ड असे: टेबलावर मावेल अशी आयताकृती पेटी. पट्टी दाबली की तिच्या टोकाचा पितळी तुकडा तारेला जाऊन टेकतो आणि पट्टी सोडेपर्यंत टेकलेलाच राहतो. आवाज इतका नाजूक की शेजारच्या खोलीत जेमतेम पोहोचावा; पण बोटाचा दाब किंचित बदलला तरी स्वर थरथरतो. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने १७५३ मधल्या आपल्या वादनविषयक ग्रंथात मत नोंदवले की वादकाची पारख क्लॅव्हिकॉर्डवरच उत्तम होते. सरावाचे वाद्य म्हणजे दुय्यम वाद्य, ही समजूत त्याला मुळीच पटली नसती.

याच्या अर्धशतक आधी फ्लॉरेन्समध्ये, मेदिची घराण्याच्या आश्रयाला असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारणारे वाद्य घडवले होते. १७०० सालच्या दरबारी यादीत त्याचा उल्लेख आहे. त्यातली खरी कमाल हातोडीत नव्हे, तिच्या सुटकेत होती. पट्टी दाबलेलीच असली तरी हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते आणि तार मोकळेपणी वाजत राहते. हीच ती ‘एस्केपमेंट’. ही यंत्रणा नाजूक, खर्चिक आणि अर्थातच राजवाड्यापुरती.

पियानो मध्यमवर्गाच्या बैठकीत नेला तो योहानेस झुम्पे याने. जर्मनीतून लंडनला आलेल्या या कारागिराचे १७६६ सालचे चौकोनी पियानो आजही जपलेले आहेत. झुम्पेने काय केले? त्याने क्रिस्तोफोरीची सुटकेची यंत्रणाच वगळून टाकली. हातोडीला साधा दट्ट्या, पायाच्या पेडलऐवजी पेटीत हाताने ओढायच्या खिट्ट्या. वाद्य ओबडधोबड झाले, पण हार्प्सिकॉर्डपेक्षा पुष्कळ स्वस्त झाले आणि मागणी एवढी वाढली की इतर कारागीरही तेच घडवू लागले. ‘एंट्री लेव्हल मॉडेल’ म्हणजे काय, याचे इतके जुने आणि इतके चोख उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

पुढे १८०० च्या सुमारास तारा उभ्या बसवून भिंतीला टेकणारे पियानो आले. १८२५ मध्ये बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले. वाद्य मजबूत झाले, पण कारकुनाच्या किंवा दुकानदाराच्या पगारात ते एकरकमी घेणे तरीही अवघडच होते. त्यावरचा उपाय कारागिरांनी नव्हे, हिशेबनिसांनी शोधला.

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये पियानो भाड्याने द्यायचा, दरमहा रक्कम घ्यायची आणि ठरलेले हप्ते पुरे झाले की वाद्य त्याचे, अशी पद्धत रूढ झाली. भाडे-खरेदीच्या कायद्यातला सर्वांत गाजलेला खटला, ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’, एका पियानोवरूनच झाला. हेल्बी या विक्रेत्याने दरमहा १० शिलिंग ६ पेन्स अशा ३६ हप्त्यांवर एक पियानो दिला. घेणाऱ्याने हप्ते पुरे होण्याआधीच तो मॅथ्यूज यांच्या सावकारी पेढीवर गहाण टाकला. मग पियानो कोणाचा? १८९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला: घेणाऱ्याला वाद्य केव्हाही परत करण्याची मुभा होती, त्याच्यावर खरेदीचे बंधन नव्हते, म्हणून मालकी हेल्बीचीच. भाडे-खरेदी म्हणजे विक्री की भाडे, या प्रश्नावर पुढे भारतीय न्यायालयांनीही या निकालाचा आधार घेतला. ‘सोप्या मासिक हप्त्यांत’ या वाक्यांशामागे अशी एक गहाण पडलेली पेटी आहे.

अमेरिकेत त्याच सुमारास सीअर्स, रोबक कंपनी जाडजूड कॅटलॉगमधून ‘बेकविथ’ नावाचे पियानो टपालाच्या मागणीवर विकू लागली. घरी वाजवून पाहा, नाही पटला तर परत पाठवा, ही हमीही सोबत. १९०९ मध्ये अमेरिकेत एका वर्षात साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले.

आणि शेजारी? तासन्‌तास तेच सप्तक ऐकणे त्यांनाही नकोसे होईच. अल्मन व्हर्जिल या अमेरिकन शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘प्रॅक्टिस क्लॅव्हिअर’ विकायला काढला. त्यात एकही तार नव्हती. पट्टी दाबताना एक टिचकी, सोडताना दुसरी. दोन्ही एकाच क्षणी पडल्या की बोटे एकसंध फिरत आहेत हे कळायचे. पट्ट्यांचा जडपणाही हवा तसा कमीजास्त करता येई. मुका पियानो म्हणून त्याची थट्टा होणे स्वाभाविक होते, पण बोटांचे शिक्षण आवाजापासून वेगळे काढता येते हे त्याने दाखवून दिले.

आपल्याकडे हीच गरज वेगळ्या वाटेने भागली. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या दशकात पेटंट घेतलेला हार्मोनियम पायाच्या भात्याचा होता. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास त्याला हाताचा भाता बसवला. जमिनीवर बसून, एका हाताने वाजवण्याची सोय झाली. मराठी घरांत पेटी आली, संगीत नाटकात पायपेटीही रुळली. स्वस्त, टिकाऊ, दमट हवेतही तग धरणारी. मात्र पेटीत आवाजाचे लहानमोठेपण भात्याच्या हाती असते, पट्टी दाबणाऱ्या बोटाच्या नाही. पट्टी हळू दाबा की जोरात, फरक पडत नाही. पेटीवर वाढलेला मुलगा पियानोपुढे बसतो तेव्हा त्याला स्वर ठाऊक असतात, बोटाचे वजन ठाऊक नसते. हा दोष नव्हे. दोन वाद्यांची कुळेच निराळी.

भात्याच्या पेटीतून पियानोपर्यंतची वाट चाललेले एक नाव मात्र जगभर पोहोचले. १८८७ मध्ये जपानच्या हामामात्सु गावातल्या शाळेचा अमेरिकन ऑर्गन बिघडला. दुरुस्तीला बोलावलेला तोराकुसु यामाहा हा वैद्यकीय उपकरणांचा कारागीर. ऑर्गन दुरुस्त करता करता त्याने स्वतःच एक घडवला, आणि एका साथीदाराबरोबर कावडीला लावून हाकोनेचा घाट ओलांडत तोक्योच्या संगीत संस्थेत नेला. निकाल: स्वर बरोबर लागलेले नाहीत. महिनाभर तिथेच राहून तो स्वरजुळणी शिकला आणि दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. १९०० मध्ये त्याच्या कारखान्यातून पहिला उभा पियानो बाहेर पडला.

तारा गेल्या त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९७४ मध्ये रोलंडने बोटाच्या जोरानुसार आवाज बदलणारा इलेक्ट्रॉनिक पियानो आणला. १९८३ मध्ये मिडी ही वाद्यांची सामायिक भाषा ठरली, आणि त्याच वर्षी यामाहाचा घरगुती क्लॅव्हिनोव्हा आला. १९८४ च्या कुर्झवाइल २५० मध्ये खऱ्या ग्रँड पियानोचे ध्वनिमुद्रित स्वर साठवलेले होते. आवाजाचा प्रश्न असा सुटत गेला. वजनाचा मात्र मागे राहिला. तारा नसलेल्या वाद्यात पुन्हा हातोड्यांसारखी वजने बसवावी लागली, केवळ बोटांसाठी. व्हर्जिलची कल्पना अशी परत आली, या वेळी आवाजासकट. २००३ मध्ये कॅसिओच्या प्रिव्हिया मालिकेने अशा पट्ट्या हलक्या, तुलनेने स्वस्त पेटीत बसवून दाखवल्या.

आता ती ऑनलाइन जाहिरात पुन्हा वाचा. ‘टच सेन्सिटिव्ह’ म्हणजे पट्टी किती वेगाने खाली गेली हे संवेदक मोजतो. मिडीत त्या वेगाच्या १२७ पायऱ्या असतात. पण त्याने पट्टी जड होत नाही. स्प्रिंगची हलकी पट्टीही ‘टच सेन्सिटिव्ह’ असू शकते. ‘हॅमर ॲक्शन’ असेल तरच बोटाला वजन लागते, आणि ‘ग्रेडेड’ असेल तर खर्जाच्या पट्ट्या जड व तारसप्तकाच्या हलक्या, कारण खऱ्या पियानोत खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात. ‘पॉलिफनी’चा आकडा म्हणजे एकाच वेळी किती स्वर जिवंत राहू शकतात, पेडल दाबून धरल्यावर तो आकडा भराभर संपतो, म्हणून ६४ पेक्षा १२८ बरे. शंभर तऱ्हेचे आवाज, तयार ताल, चमकते दिवे यांनी बोटांना काही मिळत नाही. पैसे मोजकेच असतील तर झुम्पेसारखी काटछाट जरूर करावी, पण ती आवाजांच्या संख्येत, वजनात नको.